पारीपल्याड सोडलेली मांजरं

मोठेबाबा, तुमचं पोतं अजून गोठ्यातल्या खुंटीलाच आहे.

तेरवीच्या आधी घर सारवलं, तेव्हा तुमची काठी, टॉर्च, चपला सगळं निघालं. तुमचा सदरा मोठीआईनं धुवून घडी करून पेटीत ठेवला. पोत्याला मात्र कोणी हात लावला नाही. मी लावणार होते. जवळ गेले तर वास आला, मांजरीचा, सुकटीचा आणि तुमच्या तंबाखूच्या खर्ऱ्याचा, तिन्ही एकमेकांत मुरलेले. तशीच मागं फिरले.

आज सोळावा दिवस. गेलेल्या माणसाशी बोलू नये, त्याची वाट अडते, असं मोठीआई म्हणते. अडू द्या थोडी. आपलं भांडण अर्धं राहिलं आहे. आणि तुम्ही मला जे शेवटचं विचारलं होतं त्याचं उत्तर माझ्याकडे बारा दिवसांपासून पडून आहे. ते मी कोणालाच सांगितलेलं नाही. पहिला हक्क तुमचा.

आपल्या गावात मांजर मारत नाहीत. मारणाऱ्याला काशीला जाऊन सोन्याची मांजर दान द्यावी लागते म्हणतात. तुम्ही त्यावर हसायचे, "इथं बायकोच्या नाकात सोनं नाई, मांजरीचं कुठून आणतं गा?" म्हणून ज्याची मांजर दुधात तोंड घाले, कोंबडीची पिल्लं उचले, नाहीतर दुखण्यानं कोपऱ्यात बसून घरभर घाण करे, तो तिला तुमच्याकडे आणायचा. तुम्ही तिला सुकटीचे दोन तुकडे खाऊ घालायचे, पोत्यात भरायचे, पोतं खांद्यावर टाकून तलावाच्या पारीवरून, त्या लांब मातीच्या बांधावरून, निघायचे. पारीच्या मध्यावर मोहाचं झाड आहे. तिथं पोतं तीन वेळा गरगर फिरवायचं, म्हणजे मांजर दिशा भुलते. मग पार उतरून पल्याड जंगलाच्या काठाला तोंड सोडायचं. पाणी ओलांडलेली मांजर घरी परतत नाही. तीस वर्षं तुम्ही हे केलं, आणि त्यासाठी कोणाकडून खर्ऱ्याच्या एका पुडीपलीकडे काही घेतलं नाही.

मी नऊ वर्षांची असताना तुम्ही एकदा पोतं माझ्या पाठीवर दिलं. पाठीला गरम लागत होतं आणि आत काहीतरी धडधडत होतं. मी भीतीनं पोत्याचं तोंड आवळून धरलं. तुम्ही म्हणाले, "घट्ट नको धरू व. तिले वाटलं पायजे का आपण गावाले चाललो, पावणपणाले." पल्याड गेल्यावर मांजर बाहेर आली, तिनं एकदा मागं पाहिलं. तुम्ही तिला हात जोडले. "जाय माय. उंदरं लय हायेत तिकडं." ती झुडपात गेली. मी घरी येईपर्यंत रडले, आणि तुम्ही मला रडू दिलं.

आपल्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. हे मी कुठंही छाती काढून सांगते, इथंही सांगते. बारावीनंतर बाबा लग्नाचं काढून बसले तेव्हा तुम्ही थोरल्या भावाच्या हक्कानं म्हणाले, "लगन काय पळून चाललं का? पोट्टी पळून जाईल असा भेव असल तं मी रोज तिच्या मागं सायकल हाकतो." बी.एस्सी. पास झाले तर पानठेल्यावर तुम्ही सांगून आले, पोट्टी डॉक्टरीन झाली. मी चिडले. मी म्हटलं, प्राणिशास्त्र आहे ते. तुम्ही जरा विचार केला आणि म्हणाले, "मंग ढोरायची डॉक्टरीन." तेव्हापासून गोंदियाच्या कॉलेजात मी प्रयोगशाळा सहायक असले तरी गावात डॉक्टरीनच राहिले. वरून नाही नाही म्हणायचे, आतून गोड लागायचं. त्याच गोडीनं पुढं घात केला.

या पावसाळ्यात आपली कबरी मांजर खोकायला लागली. पोट भुईला टेकवून, कोपरं बाहेर काढून, मान लांब करून बसायची आणि खोकायची. तोंडातून काही पडत नव्हतं. आई म्हणाली, केस अडकला असेल. तुम्ही सुकट शोधायला लागले. मी म्हटलं, थांबा. तिची शी डबीत भरली आणि बसनं गोंदियाला नेली. शेजारच्या बाईनं नाकाला पदर लावून विचारलं, "डिब्बे में क्या है बेटी?" मी म्हटलं, "अचार." हे तुम्हाला सांगितलं तर तुम्ही दोन दिवस हसत होते.

आमच्या सरांनी रीत शिकवली. शी मलमलच्या फडक्यात बांधायची, नरसाळ्यात कोमट पाणी भरून त्यात ती पुरचुंडी बुडेल अशी टांगायची. नरसाळ्याच्या खाली रबरी नळी, नळीला चिमटा. आत जंताची पिल्लं असली तर ती पाण्यात निघतात आणि तळाला बसतात. दुसऱ्या दिवशी सकाळी चिमटा सैल करून दोन थेंब काचेवर घेतले आणि मायक्रोस्कोपखाली ठेवले. मोठेबाबा, मला वाटलं होतं काहीच नसेल. होती. केसासारखी, काचेसारखी, शेपटीला बारीक वाक, सारखी वळवळत होती.

सरांनी त्यांची वाट सांगितली. मोठा जंत मांजरीच्या फुप्फुसात राहतो, अंडी तिथंच घालतो. पिल्लं खोकल्याबरोबर घशात येतात, मांजर ती गिळते, मग शीतून बाहेर पडतात. तिथून ती गोगलगाईच्या अंगात शिरतात. ती गोगलगाय उंदीर खातो, बेडूक खातो, सरडा खातो. आणि त्यांना मांजर खाते. आणखी एक जंत असतो, तो डासातून येतो आणि हृदयाच्या नळ्यांत राहतो. मांजरीत तो दोन-चारच असतो पण तेवढे पुरतात, कधीकधी काही न दिसता चालती मांजर पडते. त्याला रक्त तपासावं लागतं, ती सोय आपल्याकडं नाही.

मी विचारलं, "रानमांजरीला होते का सर?"

सर म्हणाले, "मांजराच्या कुळातल्या कोणालाही होऊ शकतं. बिबट्यालाही."

मी बसमध्ये बसले तेव्हा डोळ्यापुढं कबरी नव्हती. तुमचं पोतं होतं.

घरी आले तर तुम्ही नुकतेच पल्याडहून परतून अंगणात पाय धूत होते. शेजारच्या सोनाकाकूचा बोका सोडून आले होते. काकू होती, बाबा होते, आणखी चार-पाच जण होते. मी पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही. म्हटलं, "मोठेबाबा, तुमच्या पोत्यानं सारं जंगल खोकून राहिलं."

"कोण म्हणते?"

"मी म्हणतो. मी पाह्यलं."

"जंगल पाह्यलं का कबरीची हागण पाह्यली?"

सगळे हसले. मला ते हसणं लागलं. मी जे शिकले होते ते सगळं एका दमात बोलले, गोगलगाय, उंदीर, फुप्फुस. शेवटी म्हटलं, "तुम्ही पुण्य समजून रोग नेऊन सोडला. तीस वर्षं."

तुमच्या हातातला लोटा तसाच राहिला. तुम्ही हळू आवाजात विचारलं, "गोगलगाई काय म्या नेल्या का तिकडं? रानमांजर माह्या बापाच्या बापापासून उंदरं खाऊन राहिली. तिले हे पयलेपासूनच नसल काऊन?"

मोठेबाबा, तो प्रश्न बरोबर होता. शाळेत न गेलेल्या माणसानं विचारलेला तो प्रश्न आमच्या सरांनीही पहिला विचारला असता. मी म्हटलं, "तुम्हाले नाई समजत ते."

त्या सांजेला तुम्ही पोतं खुंटीला टांगलं. ते पुन्हा काढलं नाही.

चार दिवसांनी तुम्ही कॉलेजात आले. एकटे, पहिल्यांदा. प्रयोगशाळेच्या दारात चपला हातात घेऊन उभे होते, देवळात उभे राहतात तसे. सर म्हणाले, घाला बाबा चपला, आत या. तुम्ही घातल्या नाहीत. मी काच लावून दिली. तुम्ही डोळा टेकवला, आधी म्हणाले काहीच दिसत नाही, निरा उजेड हाय. मी भिंग सरकवलं.

"हलून राहिलं," तुम्ही म्हणाले. मग, "जित्तं हाय."

"हो."

"एवढुसं?"

"एवढुसंच."

तुम्ही डोळा काढला नाही. सरांनी मागवलेला चहा गार झाला. बसस्टँडवर मला म्हणाले, "तिकडल्यायले हाय का नाई, हे समजते का?" मी म्हटलं, तिकडची शी आणावी लागेल. तुम्ही मान हलवली आणि बसमध्ये चढले.

तिथून पुड्या सुरू झाल्या. खर्ऱ्याच्या प्लॅस्टिकच्या पन्न्या धुवून, वाळवून, त्यात शी भरून तुम्ही दोऱ्यानं बांधायचे. पांढरा दोरा म्हणजे आपण सोडलेली गावची मांजर, ती उकरून पुरते. लाल दोरा म्हणजे रानमांजर, ती पारीच्या दगडावर उघड्यावर टाकते, जवळ लांब टांगांच्या पायाची खूण असते. हे तुम्ही मला शिकवलं. आमच्या पुस्तकात इतकं सोपं करून दिलेलं नव्हतं. पांढऱ्या दोऱ्याच्या पुड्यांत जंत निघत राहिले. लाल दोऱ्याच्या पुडीत एकदाही नाही.

"निघालं का?" तुम्ही दारातच विचारायचे.

"लालात नाई."

मग तुम्ही आत वळून मोठीआईला ऐकू जाईल असं बोलायचे, "लालात नाई म्हणते डॉक्टरीन." त्या दिवशी तुम्ही भाकर जास्त खायचे. मोठीआईनं सांगितलं मला.

एक गोष्ट मी तुम्हाला सांगितली नाही. सर पहिल्याच दिवशी म्हणाले होते की एका तपासणीत सापडलं नाही म्हणजे नाहीच असं होत नाही. पिल्लं रोज पडत नाहीत, पुडी वाळली तर मरून जातात. मला हे माहीत होतं. तुमचा चेहरा पाहिला की मी तेवढंच गिळायची. आधी जास्त बोलले, मग कमी बोलले. दोन्ही वेळा माप चुकलं.

आणि तुम्हालाही काहीतरी कळत होतं. पोळा झाल्यावर, धान निसवायला लागलं तेव्हा, एका दुपारी तुम्ही पारीवरून आले आणि नुसतेच ओट्यावर बसून राहिले. मी विचारलं तर म्हणाले, "रानमांजर बसली होती दगडावर. भरउन्हात. मान लांब करून." मग म्हणाले, "मी पाच हातावर गेलो. तिनं माह्याकडं पाह्यलं. पळाली नाई."

रानमांजर माणसाला पाहून पळाली नाही. हे वाक्य मला तेव्हाही आवडलं नाही, आता तर अजिबात नाही.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, तरी सांगते. तुम्ही सकाळी निघाले, जाळं टाकायला आलेल्या माणसांना मोहाच्या बुंध्याशी टेकून बसलेले दिसले. त्यांनी दोन हाका मारल्या. डॉक्टर म्हणाले, हृदय. तुमचा सदरा उतरवताना खिशात पन्नी निघाली, लाल दोऱ्याची. मोठीआईनं ती ओल्या फडक्यात गुंडाळून माठाखाली गारव्याला ठेवली आणि राख सावडल्यावर माझ्या हातात दिली. "हे तुह्याचसाठी असल."

सुतक सुरू असताना मी ती घेऊन कॉलेजात गेले. लोक बोलले. बोलोत. नरसाळं लावलं, फडकं टांगलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. सर मला पाहून बाजूला उभे राहिले. काच लावली.

होती, मोठेबाबा. लालात होती. शेपटीला तोच वाक. दोनच, पण जित्ती होती.

हे तुमचं उत्तर. आता माझं ऐका, कारण ते तुम्हाला समोर बसवून सांगायचं होतं. हे जंत तुमच्या पोत्यातून गेले की तुमच्या बापाच्या बापाच्या आधीपासून तिथंच होते, हे मला माहीत नाही. सरांनाही माहीत नाही. माझ्या मायक्रोस्कोपखाली जंत दिसतो, तो पहिल्यांदा कोणी नेला ते दिसत नाही. दुखणाईत मांजर तिकडं नेणं चूक होतं, ते मी आजही म्हणते, तोंडावर म्हणेन. पण तीस वर्षांचा सगळा भार मी एका सकाळी पाहिलेल्या दोन थेंबांवरून तुमच्या डोक्यावर ठेवला, भर अंगणात, लोक असताना. तुम्ही त्यावर भांडले नाहीत. तुम्ही पुड्या आणल्या. माझ्या कॉलेजनं मला हेच करायला शिकवलं होतं, आणि ते केलं तुम्ही.

"तुम्हाले नाई समजत," हे मी परत घेते. उशीर झाला आहे, तरी घेते.

इकडं बरं नाही. कबरीला तिरोड्याच्या जनावरांच्या डॉक्टरांकडून औषध आणलं, तिचा खोकला कमी झाला आहे, बाहेर सोडत नाही. पण गावात आणखी तीन घरच्या मांजरी मान लांब करून बसतात. सकाळी भिंतींवर गोगलगाईंच्या ओल्या रेघा असतात, धान साठवायच्या ढोलीवरसुद्धा. आणि लोक दबक्या आवाजात बोलायला लागले आहेत. पाण्याच्या टाकीजवळ मी माझ्या कानानं ऐकलं. "मोठेबाबानं मांजरं नेणं सोडलं, अन् त्यालेच उचललं. शिकलेल्या पोट्टीनं सोडवलं त्याच्याकडून." मी घागर भरून निघाले. सगळ्यांनी वाट दिली, जरा जास्तच लांब सरकून. परवा कोणीतरी आपली मांजर आपणच पल्याड सोडून आलं. सुकट न घालता.

आज सकाळी सोनाकाकू आली. कडेवर तिची पिवळी मांजर, मान लांब, पोट आत-बाहेर.

"डॉक्टरीन, हे घेऊन जाय व."

"काकू, तिले दवा लागते. मी नेतो तिरोड्याले, आत्ताच."

"दवा माणसाले भेटत नाई टायमावर. पल्याड ने. त्याले तुमच्याच घरचा हात लागते, दुसऱ्याच्या हातानं ते वापस येते."

"पल्याड नाई नेत मी."

काकूनं मांजर कडेवर सावरली. मग म्हणाली, "मोठेबाबालेबी तूच असं म्हटलं होतं ना." शिवी दिली असती तर बरं. तिनं मांजर माझ्या हातात दिली आणि मागं न पाहता निघून गेली.

मांजर हातात बसत नव्हती, नखं काढत होती. मग मी गोठ्यात गेले आणि तुमचं पोतं काढलं. तिला आत घातलं. डब्यात सुकट होती, दोन तुकडे टाकले. तिरोड्याची बस पारीच्या त्या टोकाला थांबते, दुसरी वाट नाही. ओट्यावरून मोठीआईनं पाहिलं. पोतं खांद्यावर, मी पारीकडं निघालेली. पाणी भरणाऱ्या बायाही पाहत होत्या, आणि त्यांना काय वाटलं ते मला कळलं.

पाठीला गरम लागत होतं. तोंड मी सैल धरलं होतं, तुम्ही सांगितलं तसं. मोहाजवळ आले आणि पाय आपसूक थांबले, खांद्यावरचा हात पोतं खाली घ्यायला वळला. हाताला इतकं पाठ आहे. तेवढ्यात पोत्यात मांजर खोकली, कोरडं, दोन वेळा. आणि खाली, बेशरमीच्या झुडपात, काहीतरी खोकलं. मी उभी राहिले. पान हललं नाही. पुन्हा आलं, तसंच कोरडं. ती आपण सोडलेली होती की रानची, मला ओळखता आलं नाही. तुम्हाला आलं असतं. पोत्यातली मांजर एकदम गप्प झाली, तिचे कान माझ्या पाठीला लागले.

झुडपाकडं तोंड करून मी उभ्याउभ्याच सांगितलं, लालात निघालं, मोठेबाबा.

मग बसकडं चालू लागले. पोतं फिरवलं नाही. तिला घरची वाट आठवू दे.